कबड्डीत जोड लागत नसते

३१ ऑक्टोबर २०२५, शुक्रवारची रात्र. दिवाळीला घरी, म्हणजे संभाजीनगरला आलो होतो आणि "इथूनच काम करतो" असं मॅनेजरला पटवून आठवडाभर जास्त थांबलो होतो. समोर टीव्ही, मांडीवर लॅपटॉप, मध्ये चिवड्याचा डबा. (दिवाळी होऊन दहा दिवस झाले की डब्यात फक्त पोहे उरतात. शेंगदाणे आणि खोबरं कोण खातं हे आमच्या घरातलं एक न सुटलेलं कोडं आहे.) दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये प्रो कबड्डीच्या बाराव्या मोसमाची फायनल चालू होती. पुणेरी पलटण विरुद्ध दबंग दिल्ली. पूर्वार्धात दिल्लीने आघाडी घेतलेली, नंतर पुणे पाठलाग करतंय आणि फरक दोन-तीन गुणांवर आलेला.

शेवटच्या क्षणांत आदित्य शिंदे चढाईला गेला आणि फझल अत्राचलीने त्याला धरला. संपलं. दिल्ली ३१, पुणे २८.

पुढच्या दहा सेकंदांत मित्रांच्या ग्रुपवर मेसेज पडला, "शिंदेने घालवली राव." त्याखाली रडके चेहरे. आणि खोटं कशाला बोलू, मीही टाइप केलं, "फझलसमोर त्याला पाठवायलाच नको होतं." माझ्याकडे पुरावा होता ना! मांडीवरच्या लॅपटॉपवर एक्सेल उघडी होती आणि त्यात त्या दोघांच्या नावांचा चौकोन लालभडक रंगवलेला होता.

बाबा शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या स्क्रीनकडे बघितलं, मग टीव्हीकडे, आणि म्हणाले, "त्यानं घालवली म्हंजे? पुण्याचे दहा पॉइंट कुणी आणले मग, तुह्या लॅपटॉपनं?"

आदित्य शिंदेचे त्या सामन्यात दहा गुण होते. सुपर टेन.

त्या रात्री मी एक्सेल बंद केली. पण डोक्यात ती चालूच राहिली, म्हणून हा लेख.

तर आधी या एक्सेलबद्दल. मला खेळ आकड्यांत बघायची खोड लागली ती एनबीएमुळे. २००७ साली मी इंजिनिअरिंगला होतो. तिकडचे सामने आपल्याकडे पहाटे-सकाळी चालू होतात, आणि आमच्या मेसमध्ये बास्केटबॉल लावायची कुणाची हिंमत नव्हती. मग कॉलेजला दांडी मारून टीव्ही सेंटरजवळच्या सायबर कॅफेत बसून मी स्कोअर वाचायचो. त्या वर्षी डॅलस मॅव्हरिक्सने लीगमध्ये ८२ पैकी ६७ सामने जिंकले होते. पहिला नंबर. त्यांची गाठ पडली आठव्या नंबरच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सशी. कागदावर ही मालिका आठवडाभरात संपायला हवी होती. वॉरियर्सने ती ४-२ अशी जिंकली!

का, तर मॅच-अप. वॉरियर्सचा कोच डॉन नेल्सन हा आधी डॅलसचाच कोच होता. त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला डर्क नोवित्स्की हा सात फुटी गडी. त्याच्यावर नेल्सनने स्टीव्हन जॅक्सनसारखे उंचीने कमी पण चपळ, अंगाला चिकटून राहणारे खेळाडू सोडले. डर्क गुदमरला. त्याच्यासोबत डॅलसही गेलं.

मी तेव्हा वीस वर्षांचा. मला वाटलं, अरे, खेळाची किल्लीच सापडली! कोण चांगला, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोण कोणासमोर चांगला, हा खरा प्रश्न.

आपल्याकडे याला शब्द आहे की. जोड. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात पंच दोन पैलवानांना नजरेनंच तोलतात आणि जोड लावतात. जोड चांगली लागली तर कुस्ती बघण्यासारखी होते, नाही तर दहा सेकंदांत धुरळा. बास्केटबॉलमध्ये पाच विरुद्ध पाच असले तरी बचावात बऱ्याचदा प्रत्येकाचा गडी ठरलेला असतो, म्हणजे एकाच वेळी पाच जोडी लागलेल्या असतात. शिवाय मालिका सातांची. पहिल्या सामन्यात एखादी जोड फसली तर दुसऱ्यात बदलता येते. दोन्ही कोच एकमेकांचे डाव ओळखतात, उतारा शोधतात, उताऱ्याला उतारा शोधतात. त्यामुळे तिथे जोड्यांचं कोष्टक मांडण्यात अर्थ असतो.

हेच कोष्टक मी उचलून कबड्डीवर चिकटवलं. उभ्या रकान्यात दिल्लीचे डिफेंडर, आडव्यात पुण्याचे रेडर. हिरवा म्हणजे रेडर भारी, लाल म्हणजे डिफेंडर भारी. दिसायला एकदम देखणं. ऑफिसमध्ये प्रेझेंटेशनला दाखवलं असतं तर कुणीतरी नक्की "गुड इन्साइट्स" म्हणालं असतं :)

आणि हे फक्त माझंच नाही. टीव्हीवर प्रत्येक मोठ्या सामन्याआधी तेच असतं. दोन चेहरे आमनेसामने, मधे वीज कडाडतेय, आणि खाली 'हा विरुद्ध तो'.

पण कबड्डी एकास एक खेळतच नाहीत. एकास सात खेळतात. कधी एकास पाच, कधी एकास तीन, कधी एकास एक. सगळी गंमत या आकड्यात आहे, आणि माझ्या कोष्टकात हा आकडाच नव्हता.

समोर सहा किंवा सात जण असतील तर रेडरला बोनस मिळू शकतो. पाचच उरले की बोनस बंद. समोर तीन किंवा त्याहून कमी उरले की पकडीला एक गुण जास्त, ती सुपर टॅकल. म्हणजे तोच रेडर, तोच कॉर्नर, तीच दोन नावं. पण सात असताना कॉर्नरने उडी मारली तर मागे कव्हर आहे, साखळी आहे, चुकलं तर सावरायला माणसं आहेत. तीनच असताना तोच कॉर्नर वेगळाच प्राणी असतो. तो वाट बघतो, रेडरला आत येऊ देतो, कारण आता एका पकडीत दोन गुण आहेत. आणि ती फसली तर लोण डोक्यावर.

एक्सेलमध्ये या दोन्ही प्रसंगांना मी एकच रंग दिला होता.

दुसरी गोष्ट बेंचची. कबड्डीत बाद झालेला गडी, आपल्या संघाने गडी मारला किंवा पकड केली, की परत येतो. (बोनसवर कुणी परत येत नाही.) आणि येतो तो रांगेने. जो आधी गेला तो आधी आत. आपल्या भाषेत शुद्ध क्यू! फर्स्ट इन, फर्स्ट आउट. याचा अर्थ काय होतो बघा. समोरच्या संघाचा सगळ्यात खतरनाक रेडर थांबवायला त्याला दहा वेळा धरावं लागत नाही. एकदा धरायचा आणि मग त्याच्या बाकीच्या साथीदारांना गुण मिळू द्यायचे नाहीत. तो बेंचवर बसून राहतो. त्याला बाहेर ठेवणारा माणूस त्याच्याशी एकदाही भिडलेला नसतो! हे श्रेय कुठल्या चौकोनात लिहायचं?

आता कुणी म्हणेल, तुझं म्हणणं एवढं खरं असेल तर मोठे खेळाडू मोठे का असतात? रास्त आहे. २०१७ च्या प्लेऑफमध्ये पाटण्याच्या प्रदीप नरवालने हरियाणाविरुद्ध एका सामन्यात चढाईचे ३४ गुण घेतले होते, सामना ६९-३० असा सुटला होता. तिथे आकड्यांचं तत्त्वज्ञान सांगत बसलात तर लोक हसतील. काही माणसं कुणासमोरही भारीच असतात. आणि अमुक एक कॉर्नर तमुक रेडरला नेहमी गोत्यात आणतो असंही होतंच. जोड ही गोष्ट खोटी नाही. ती अपुरी आहे, आणि निर्णयाच्या क्षणी तीच एकटी पुढे केली जाते, एवढाच माझा आक्षेप.

पुणे-दिल्लीचंच घ्या. कबड्डीच्या प्लेऑफमध्ये सात सामन्यांची मालिका नसते, पण २०२५ मध्ये नशिबाने तिच्या जवळ जाणारं काहीतरी बघायला मिळालं. २७ ऑक्टोबरला क्वालिफायर-१ मध्ये हे दोन संघ भिडले. चाळीस मिनिटांनंतर ३४-३४. मग टायब्रेकर, त्यात दिल्ली ६-४. दिल्ली थेट फायनलला. पुण्याला तेलुगू टायटन्सशी २९ तारखेला आणखी एक सामना खेळावा लागला, तो त्यांनी ५०-४५ असा काढला. आणि ३१ ला पुन्हा दिल्ली. पाच दिवसांत दोनदा.

यातला टायब्रेकर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण कबड्डीत जोडीच्या जवळपास जाणारी एकच जागा आहे आणि ती हीच. दोन्ही संघांना पाच-पाच चढाया, त्याही पाच वेगवेगळ्या माणसांनी करायच्या. कुणी बाद होऊन बाहेर जात नाही, कुणी परत येत नाही, समोर कायम सातच. निदान रेषा हीच बोनस रेषा. म्हणजे आकडा गोठवलेला, रांग बंद. आता दाखवा काय ते.

आणि तिथे काय तपासलं जातं? तुमचा पहिला हिरो किती मोठा आहे हे नाही. तुमचा पाचवा रेडर कसा आहे हे! ज्याचं नाव पोस्टरवर कधीच नसतं, तो. दिल्लीचा कर्णधार आशू मलिक, मोठं नाव. पण फायनलमध्ये दिल्लीकडून सर्वाधिक गुण त्याचे नव्हते, नीरज नरवालचे होते, नऊ. त्याच्या मागे अजिंक्य पवार. माझ्या तयारीत या दोघांना मिळून जेवढा वेळ मी दिला होता तेवढ्यात चहासुद्धा उकळला नसता.

आता पुन्हा त्या शेवटच्या पकडीकडे येतो.

२०१६ ची एनबीए फायनल, सातवा सामना. क्लीव्हलँड आणि गोल्डन स्टेट ८९-८९. मिनिटभरसुद्धा उरलेलं नाही. कायरी अर्विंगने स्टीफन करीच्या डोक्यावरून तीन गुणांचा शॉट मारला आणि क्लीव्हलँडने तो सामना ९३-८९ असा जिंकला. लोक म्हणतात, कायरीने करीला हरवलं. पण कायरीसमोर करी नव्हताच मुळात! त्याच्यावर होता क्ले थॉम्पसन, चांगला डिफेंडर. करी होता जे. आर. स्मिथवर. मग स्मिथ आला, त्याने थॉम्पसनची वाट अडवली, आणि अदलाबदलीत करी कायरीच्या वाट्याला आला. ती जोड लागली नाही, लावली गेली. जो माणूस ती लावून बाजूला झाला, त्याचं नाव त्या चौकोनात येत नाही.

कबड्डीतही जोड अशीच चाळीस मिनिटं शिजत असते. दोन चढाया रिकाम्या घालवल्या की तिसरी 'करो या मरो'. ती कोणी करायची, त्या वेळी समोरचा कुठला कॉर्नर बेंचवर असेल, हे चांगले संघ आधीच बघून ठेवतात. पूर्वार्धात गमावलेला एक बोनस, विसाव्या मिनिटाला कव्हरने घाईत मारलेली एक उडी, पाच मिनिटं रांगेत अडकून पडलेला एक रेडर... या सगळ्याची बेरीज होऊन शेवटच्या मिनिटाला एक मुलगा पिछाडी घेऊन मध्यरेषा ओलांडतो. समोर फझल अत्राचली. २०१५ मध्ये यू मुंबाकडून, २०१६ मध्ये पाटण्याकडून जिंकलेला माणूस. मुलाला काहीतरी करावंच लागणार आहे, आणि फझलला फक्त थांबायचंय. ही काय बरोबरीची जोड झाली? जत्रेतल्या कुठल्याही पंचाने "बदला" म्हटलं असतं.

आणि फझलचंच उलटं बघा. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईला नवव्या मोसमाची फायनल झाली, जयपूरने पुण्याला ३३-२९ हरवलं. तेव्हा पुण्याचा कर्णधार कोण होता? फझल! अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोन मुख्य रेडर तेव्हा नव्हते. मग २०२२ चा फझल 'घालवणारा' आणि २०२५ चा 'जिंकून देणारा' का? माणूस तोच, कॉर्नर तोच. आजूबाजूचे सहा बदलले.

१ मार्च २०२४ ची हैदराबादची फायनलही आठवते. पुणे २८, हरियाणा २५. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम कर्णधार, त्याने कप उचलला. त्या मोसमाआधी सगळी चर्चा दोन कोटी पस्तीस लाखांच्या शादलूची. पण फायनलमध्ये पुण्याकडून सर्वाधिक गुण पंकज मोहितेचे, नऊ, आणि बचावात पुढे होता उजवा कॉर्नर गौरव खत्री. जिंकलो तेव्हा आपण काय म्हणालो? "पलटण जिंकली." हरलो की मात्र "शिंदेने घालवली." विजय सगळ्या टीमचा आणि पराभव एका आडनावाचा. हा हिशोब मला पटत नाही.

न पटायला एक खाजगी कारणही आहे. ते सांगावं की नको, असं दोन वीकेंड चाललं होतं.

काही वर्षांपूर्वी मी एका जुन्या कंपनीत होतो. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज (तेव्हा आम्ही तरुण आणि मूर्ख होतो), रात्री अकराला सिस्टीम झोपली. सकाळपर्यंत जागून उभी केली. सोमवारी मीटिंग, आणि स्क्रीनवर शेवटच्या कमिटचं नाव. एक वर्षाचा अनुभव असलेला पोरगा. सगळे त्याच्याकडे बघतायत. त्याचा बदल चार ओळींचा होता. त्या चार ओळींनी जे फुटलं ते तीन आठवड्यांपूर्वी एका टेस्टमध्ये सापडलं असतं, आणि ती टेस्ट "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवणारा माणूस त्याच खोलीत, तिसऱ्या खुर्चीवर बसला होता. मी.

मी काही बोललो नाही. खोटं बोललो नाही, पण बोललोही नाही. त्या पोराने मान खाली घालून "सॉरी" म्हटलं. वर्षअखेरीच्या रेटिंगमध्ये ते त्याला पुरलं असणार. तो विरुद्ध बग, अशी जोड लावून आम्ही सगळे मोकळे झालो. आकडा कुणी मोजलाच नाही, की त्या क्षणी मैदानात त्याच्या बाजूने कितीजण उरले होते.

म्हणून ग्रुपवरचं ते वाक्य मला नंतर टोचलं. आदित्य शिंदेला काय फरक पडतो माझ्या मेसेजने? काहीच नाही. पण आपल्याला पडतो. आपण रोज कुणाचं ना कुणाचं मूल्यमापन करतो, आणि शेवटचा हात कुणाचा लागला हे बघून निकाल देणं सगळ्यात सोपं असतं. स्कोअरबोर्ड तेवढंच दाखवतो, आणि स्कोअरबोर्डवर रागावून उपयोग नाही. बघणाऱ्याने जरा जास्त बघावं, एवढंच.

तर माझं मत असं. जोड्या जरूर मांडा, मजा असते त्यात. पण प्रत्येक जोडीखाली तीन गोष्टी लिहा. तेव्हा समोर कितीजण होते? आपले किती बाहेर, रांगेत होते? आणि ही वेळ कुणी आणली? या तीन रकान्यांनंतरही "याने घालवली" असंच उत्तर आलं तर खुशाल म्हणा. माझा अंदाज आहे, फार कमी वेळा येईल.

त्या रात्री मी ग्रुपवरचा माझा मेसेज डिलीट केला. (तोवर चौघांनी अंगठा दाखवून झाला होता, असो.) बाबा तरुणपणी वाळूजच्या एका कंपनीच्या टीममध्ये मातीवर कबड्डी खेळायचे, डावा कॉर्नर. गुडघ्यावर अजून खूण आहे. मी विचारलं, "बाबा, तुमच्या वेळी शेवटचा गडी धरला गेला तर काय म्हणायचे?"

ते डब्यातला तळाचा चिवडा हातावर घेत म्हणाले, "काय म्हननार? शेवटचा गेला म्हंजे सहा त्याच्या आदी गेलेले असतेत ना!"